बूस्टर बसवण्याआधी गोंगाट मोजा: मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
मुंबई शहर व उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

३० सप्टेंबरच्या आत तुमच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. आयत्या वेळच्या विषयांत "घरात रेंज येत नाही" ही तक्रार निघेल आणि पाठोपाठ "गच्चीवर बूस्टर लावून टाकू" हा तोडगाही निघेल. काही इमारतींत तो आधीच लागलेला आहे, कुठे संस्थेच्या पैशाने, कुठे वरच्या मजल्यावरच्या सभासदाने परस्पर. आम्ही मोबाइल नेटवर्कची आखणी आणि मोजणी करणारे आणि हा विषय शिकवणारे काही इंजिनीअर आहोत. आमचे म्हणणे असे, की दाट वस्तीच्या मुंबईत अडचण पुष्कळदा सिग्नल कमी असण्याची नसतेच, गोंगाट, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारी नको असलेली रेडिओऊर्जा, जास्त असण्याची असते. त्या गोंगाटाचा एक वाटा आपल्याच गच्चीवरून निघतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी मोजा. कसे मोजायचे आणि काय आवरायचे, तेही खाली लिहिले आहे.

फोनवरच्या दांड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात. वेग ठरतो तो सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे त्यावर. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सूत्राने २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा हिशेब करा. सिग्नल गोंगाटाच्या शंभर पट, म्हणजे २० डेसिबल वर असेल तर एका प्रवाहाची कमाल मर्यादा सुमारे १३३ एमबीपीएस. दुप्पट, म्हणजे ३ डेसिबल वर असेल तर ३२. दोन्ही सारखे असतील तर २०. आता बूस्टर काय करतो? अँटेनात जे येते ते सगळे वाढवतो. सिग्नल दहापट झाला तर गोंगाटही दहापट होतो, आणि बूस्टरचा स्वतःचा गोंगाट वर मिसळतो. दांड्या भरतात. गुणोत्तर जिथल्या तिथे राहते किंवा थोडे खालीच जाते.

परळ-लोअर परळच्या उंच मनोऱ्यांत हे नेहमी दिसते. टॉवरच्या अँटेना रस्त्यावरच्या माणसांसाठी किंचित खाली झुकवलेल्या असतात. तिसाव्या मजल्यावर कोणत्याच एका टॉवरचा मुख्य झोत पोहोचत नाही, पण आजूबाजूच्या पाच-सहा टॉवरांचे कडेचे झोत सारख्याच जोराने येतात. फोनला सगळे ऐकू येतात, नीट एकही नाही. खिडकीपाशी दांड्या पूर्ण आणि व्हिडिओ मात्र फिरत बसलेला, हे चित्र त्यातून येते. इथे बूस्टर लावणे म्हणजे पाचही टॉवर एकसारखे मोठ्याने ऐकवणे.

तुमच्या घरातले नुकसान तेवढ्यावर थांबते. शेजाऱ्यांचे त्याहून मोठे असते, कारण बूस्टर दोन्ही दिशांनी काम करतो. टॉवरकडून येणारे तो खाली आणतो आणि फोनकडून जाणारे टॉवरकडे फेकतो. दुसऱ्या दिशेचा हिशेब मांडून दाखवतो, कारण समितीत आकड्यांना मान असतो. (डेसिबलचे गणित सोपे आहे: दर १० ला दहापट, दर ३ ला दुप्पट.)

खोलीच्या तापमानाला कोणत्याही रेडिओ रिसीव्हरच्या तोंडाशी दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) इतका उष्णतेचा गोंगाट असतोच. तो निसर्गाचा आहे, कमी होत नाही. फोर-जीच्या एका तुकड्याची रुंदी १८० किलोहर्ट्झ, तेवढ्या रुंदीत तो उणे १२१ होतो. टॉवरच्या रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट ३ डेसिबल धरला तर टॉवरची ऐकण्याची तळरेषा उणे ११८. आता ७० डेसिबल गेनचा, म्हणजे सिग्नल तेवढा वाढवणारा, बूस्टर घ्या, स्वतःचा गोंगाट ६ डेसिबल. कोणी फोनवर बोलत नसतानासुद्धा त्याच्या गच्चीवरच्या अँटेनाकडे निघणारा गोंगाट उणे १२१ अधिक ६ अधिक ७०, म्हणजे उणे ४५ डीबीएम. टॉवर ३०० मीटरवर समोर दिसत असेल तर ९०० मेगाहर्ट्झला वाटेत ८१ डेसिबल गळती होते. पण गच्चीवरची अँटेना नेमकी त्याच टॉवरकडे रोखलेली असते. तिचे १० आणि टॉवरच्या अँटेनाचे १५ डेसिबल परत मिळाले, की निव्वळ गळती ५६ उरते. टॉवरला ऐकू येतो उणे १०१. तळरेषेच्या १७ डेसिबल वर. पन्नास पट.

याचा अर्थ असा, की त्या सेक्टरमधल्या (टॉवरच्या त्या बाजूच्या भागातल्या) काठावरच्या प्रत्येक फोनला पन्नास पट जोर लावावा लागेल, आणि तो लावता येत नाही, कारण फोर-जी फोनची कमाल मर्यादा २०० मिलिवॉट, म्हणजे २३ डीबीएम आहे. शहरी भागात सिग्नल ज्या वेगाने विरतो तो धरला तर १७ डेसिबलने टॉवरचा ऐकण्याचा पल्ला साधारण एक तृतीयांशावर येतो. तुमच्या बूस्टरमुळे बंद पडणारा फोन तुमच्या इमारतीत नसतोच. तो दोन गल्ल्या पलीकडे असतो, आणि त्या माणसाला कारण कधीच कळत नाही.

तीच बेरीज उलटी केली की गेन किती चालेल ते निघते. बूस्टरचा गोंगाट टॉवरच्या तळरेषेच्या निदान १० डेसिबल खाली राहायला हवा. म्हणजे ५६ अधिक ३ उणे ६ उणे १०: फक्त ४३ डेसिबल. बाजारात ७० चा डबा "जास्त पॉवरफुल" म्हणून विकला जातो. कंपन्यांच्या अधिकृत रिपीटरमध्ये (बूस्टरचेच दुसरे नाव) गेन जागेप्रमाणे लावलेला असतो आणि कोणी बोलत नसेल तर वरच्या दिशेचा अॅम्प्लिफायर गप्प बसवण्याची सोय असते. स्वस्त डब्यात यातले काही नसते. त्यात तो रुंद पट्ट्याचा असतो. ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ पूर्ण उचलतो, त्यामुळे तुमचे सिम एका कंपनीचे आणि त्रास सगळ्यांना.

दुसरा दोष याहून वाईट. गच्चीवरची अँटेना आणि घरातली अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या, की बूस्टर शिट्टी मारायला लागतो, म्हणजे ऑसिलेट होतो. ते टाळायला दोन अँटेनांमधले विलगीकरण गेनपेक्षा निदान १५ डेसिबल जास्त हवे, म्हणजे ७० च्या डब्याला ८५. दहा मीटर अंतराचे ९०० मेगाहर्ट्झला ५१ मिळतात, मधल्या स्लॅबचे १५, अँटेनाची पाठ एकमेकींकडे असल्याचे १५ धरा. बेरीज ८१. कमी पडले. बूस्टर बसवताना कामगार घरातली अँटेना जिन्याच्या टाकीखालच्या खोलीत लावतो आणि गच्चीवरची टाकीच्या कठड्याला, तिथे तर दहा मीटरही नसतात. ऑसिलेट झालेला बूस्टर पूर्ण ताकदीने सतत ओरडतो. भर दुपारी पत्रा तापला की त्याची फ्रीक्वेन्सी सरकते, संध्याकाळी परत येते. "दुपारी बारानंतर फोन लागत नाही" अशा तक्रारीमागे हेही कारण शोधून पाहावे.

ओळखायचा कसा? गच्चीवर जा. काडी-काडीची अँटेना दिसली तर काड्यांची लांबी पाहा. जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या काड्या मीटर-दीड मीटर असायच्या, बूस्टरच्या अँटेनाची सर्वात लांब काडी वीतभर असते, कारण ९०० मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर. तिच्यामागून काळी कोअॅक्स केबल निघते आणि डक्टमधून किंवा खिडकीच्या फटीतून आत जाते. दुसऱ्या टोकाला उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या असलेला डबा, अॅडॅप्टर, आणि छताला पांढरी वाटीसारखी अँटेना. कंपनीने बसवलेल्या यंत्रणेवर लेबल असते, संस्थेच्या दप्तरात करार असतो, बहुधा स्वतंत्र वीजमीटर असतो. यातले काहीच सापडले नाही, तर समजून घ्या. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे, की परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणीही मोबाइल रिपीटर किंवा बूस्टर बाळगणे, विकणे, वापरणे बेकायदा आहे. संस्थेच्या पैशाने घेतलेला असेल तर जबाबदारी समितीच्या दारात येते.

सभासद म्हणतील, "काढला तर रेंज जाईल." वाद घालू नका, मोजा. अँड्रॉइडवर नेटवर्कचे आकडे दाखवणारी मोफत अॅप आहेत, आयफोनवर डायलरमध्ये *3001#12345#* दाबले की फील्ड टेस्ट उघडते. दोन आकडे लिहून घ्या. पहिला आरएसआरपी, म्हणजे जोर: उणे ८५ चांगला, उणे १०५ अशक्त, उणे ११५ च्या खाली वाईट. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाशी गुणोत्तर: २० च्या वर उत्तम, १० च्या आसपास चालेल, शून्याच्या खाली गेला की संपले. आरएसआरपी उणे ८० आणि एसआयएनआर २ असेल तर बूस्टरने काहीही सुधारणार नाही. उलट आरएसआरपी उणे ११८ आणि एसआयएनआर ६ असेल तर खरोखर सिग्नल पोहोचत नाही, आणि कंपनीकडे जायला तुमच्याकडे पुरावा आहे.

बूस्टर असलेल्या इमारतीत हीच मोजणी चालू-बंद करून घ्या. एकच फोन, एकच सिम, सेटिंगमध्ये शक्य असेल तर फक्त फोर-जी, टेबलावरची एकच जागा. बूस्टर १० मिनिटे बंद, १० मिनिटे चालू, पुन्हा बंद, पुन्हा चालू. एकदाच बंद करून निष्कर्ष काढू नका, रात्री नऊला नेटवर्कवरचा भार दर पाच मिनिटांनी बदलतो आणि तुम्ही तोच बदल बूस्टरच्या खात्यावर लिहाल. डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग पाहा, गोंगाट टॉवरकडच्या दिशेला जास्त नडतो. त्याच वेळी एका माणसाला समोरच्या इमारतीत बसवा. खरा फरक तिथे दिसतो. आणखी एक खूण: "मला तुझे ऐकू येते, तुला माझे येत नाही", फोन गरम, बॅटरी संध्याकाळपर्यंत संपलेली. फोन पूर्ण ताकदीने ओरडतोय आणि टॉवरला ऐकू येत नाहीये.

सिग्नल खरेच पोहोचत नसेल तर दोन सरळ वाटा आहेत. घरात ब्रॉडबँड असेल तर फोनमधले वायफाय कॉलिंग चालू करा. २०१९ च्या डिसेंबरपासून ते भारतात उपलब्ध आहे, पैसे लागत नाहीत, आणि कितीतरी सभासदांच्या फोनमध्ये ते नुसते बंद पडलेले असते. मोठ्या संकुलात, विशेषतः धातूचा मुलामा असलेल्या काचेच्या इमारतींत (ही काच २० ते ३० डेसिबल खाते), कंपन्यांना लेखी पत्र देऊन इमारतीअंतर्गत अँटेनांची यंत्रणा मागा, आणि एकाच कंपनीशी मक्तेदारीचा करार करू नका. इमारतींच्या डिजिटल जोडणीचे मानांकन करण्याचे दूरसंचार नियामक ट्रायचे विनियम २०२४ मध्ये आले आहेत. पुनर्विकासात जाणाऱ्या संस्थांनी विकासकाच्या करारातच केबलचे डक्ट आणि उपकरणांची खोली लिहून घ्यावी. नंतर भिंती फोडण्यापेक्षा ते स्वस्त.

आता पत्र्याच्या शेडकडे वळू, कारण इथे बिनबूस्टरच्या संस्थाही सापडतात.

गळती थांबवायला गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे टाकलेले असतात, आणि त्याच गच्चीवर भाड्याने दिलेल्या मोबाइल अँटेना असतात. खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत पत्रे धरणारे जे-हुक गंजतात. धातू-गंज-धातू असा सांधा डायोडसारखा वागतो. त्याच्यावर दोन जोरदार फ्रीक्वेन्सी पडल्या की तो तिसरी तयार करून परत फेकतो. टॉवर ९३५ आणि ९६० मेगाहर्ट्झवर बोलत असेल तर दोन गुणिले ९३५ उणे ९६०, म्हणजे ९१०. ही नेमकी त्या टॉवरच्या ऐकण्याच्या पट्ट्यात पडते, कारण तो पट्टा ८९० ते ९१५ आहे. १८०० च्या बँडलाही तेच: दोन गुणिले १८०५ उणे १८८० म्हणजे १७३०, आणि ऐकण्याचा पट्टा १७१० ते १७८५. याला पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन म्हणतात, साइटवरचे लोक नुसते "पिम" म्हणतात. अँटेना आणि कनेक्टर तपासताना २० वॉटचे दोन कॅरिअर (अखंड सिग्नल) सोडतात आणि परत येणारा पिम उणे ११० डीबीएमच्या खाली असावा अशी कसोटी लावतात. कारखान्यात एवढ्या कसोशीने पास झालेली अँटेना समोरच्या एका गंजक्या हुकमुळे वाया जाते.

पिमला फिल्टर लावता येत नाही, कारण तो ऐकण्याच्या पट्ट्यातच जन्मतो. मूळ सांधाच दुरुस्त करावा लागतो. नियम एकच: धातू धातूला एकतर पक्का जोडलेला असावा, नाहीतर पूर्ण वेगळा. अर्धवट टेकलेला नको. अँटेनाच्या समोर आणि तिच्या पायाशी निदान १० मीटरपर्यंत हे पाहा: सैल पत्रा, गंजका हुक, टाकीच्या शिडीचा हलणारा कठडा, कपडे वाळत घालायची तार, भंगारात ठेवलेली खिडकीची ग्रिल. हुकांच्या जागी गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस, खाली रबरी वॉशर. भंगार उतरवून टाका, त्याला दुरुस्ती नाही. वाऱ्याच्या दिवशी त्रास वाढतो, पत्रा घट्ट केला की थांबतो, असे असेल तर कारण सापडले. हे काम पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात काढा, आणि माणूस वर चढवण्याआधी कंपनीला कळवून त्या बाजूच्या अँटेना बंद करून घ्या. चालू अँटेनाच्या पुढ्यात रंगारी किंवा फॅब्रिकेटर उभा करू नये.

गच्ची-गच्चीवरून गेलेल्या केबल टीव्हीच्या तारांबद्दल थोडक्यात. केबलचे सिग्नल ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत जातात. मोबाइलच्या ७०० बँडचा ऐकण्याचा पट्टा ७०३ ते ७४८ आहे, ८५० बँडचा ८२४ च्या पुढे. केबलची जाळी तुटलेली, कनेक्टर हाताने पिळून बसवलेला, अॅम्प्लिफायरचे झाकण उघडे असेल, तर ते सिग्नल हवेत गळतात. केबलवाल्याला कनेक्टर क्रिंप करायला आणि मोकळी टोके ७५ ओमच्या टर्मिनेटरने बंद करायला सांगा. वापरात नसलेल्या तारा काढून न्यायला लावा, त्या निमित्ताने इमारतीचा दर्शनी भागही दिसेल.

वायफायचे राज्य पूर्णपणे तुमच्याच हातात आहे आणि तिथे गोंधळ सर्वात जास्त आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. त्यात चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेले असले तरी प्रत्येकाची रुंदी २० असते, त्यामुळे एकमेकांना न लागणारे फक्त तीन: १, ६ आणि ११. कोणीतरी हुशारीने "मोकळा दिसतो" म्हणून ३ किंवा ४ निवडतो. तो दोन्हीकडच्यांना नडतो आणि स्वतःही मार खातो. कारण असे, की एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे पॅकेट उणे ८२ डीबीएमपर्यंत ओळखतात आणि पाळी धरतात. अर्धवट सरकलेल्या चॅनलवरचे पॅकेट ओळखता येत नाही, ते नुसता गोंगाट वाटते, आणि गोंगाट उणे ६२ च्या वर गेल्याशिवाय राउटर थांबत नाही. मधल्या २० डेसिबलांत दोघे एकमेकांवर बोलत राहतात. सभेत माइक एक असला की माणसे पाळी धरतात, शेजारच्या हॉलमध्ये लग्नाचा बँड वाजत असेल तर पाळी धरून काय उपयोग?

चार फ्लॅटच्या मजल्याला ही वाटणी चालते. पहिला मजला: १०१ ला चॅनल १, १०२ ला ६, १०३ ला ११, १०४ ला पुन्हा १. दुसऱ्यावर एक घर सरकवा: २०१ ला ६, २०२ ला ११, २०३ ला १, २०४ ला ६. तिसऱ्यावर ११, १, ६, ११. चौथा पहिल्यासारखा. अशाने वर, खाली आणि बाजूला तोच चॅनल येत नाही. चॅनल "ऑटो"वर सोडू नका. मीटर रूममधला फ्यूज उडून वीज परत आली, की सगळे राउटर एकदम जागे होतात, एकाच क्षणी हवा तपासतात आणि घोळक्याने एकाच चॅनलवर जाऊन बसतात. रुंदी २० वर बांधून ठेवा, या पट्ट्यात ४० ठेवणे म्हणजे तीनपैकी दोन जागा अडवणे. दोन खोल्यांच्या घरात ट्रान्समिट पॉवर निम्मी केली तरी पुरते.

एक सेटिंग फार कमी लोक पाहतात. प्रत्येक राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपले नाव पुकारतो. ८०२.११बी या जुन्या वायफाय मानकाच्या उपकरणांसाठी हे नाव १ एमबीपीएसने पुकारले जाते. ३०० बाइटच्या पुकाऱ्याला सुमारे २.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका नावामागे हवेतला अडीच टक्के वेळ. एका चॅनलवर अशी वीस नावे जमली, की कोणी काही डाउनलोड न करताच निम्मा वेळ संपला. 'बी' मोड बंद केला की तोच पुकारा ६ एमबीपीएसने होतो आणि वीस नावांचा खर्च आठ-नऊ टक्क्यांवर येतो. वापरात नसलेले गेस्ट नेटवर्कही बंद करा, तेही वेगळे नाव पुकारते.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे. २०१८ च्या अधिसूचनेने ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. पण राउटर बहुधा ३६ किंवा १४९ वरच येतात आणि ८० मेगाहर्ट्झ रुंद पसरतात. दाट इमारतीत ४० पुरे. टीव्ही, लॅपटॉप आणि फोन ५ वर हलवा, २.४ गीझरच्या स्विचला आणि दाराच्या बेलला राहू द्या. संस्थेचे सीसीटीव्ही मात्र वायफायवर अजिबात नकोत. एक कॅमेरा २ ते ४ एमबीपीएस अखंड पाठवतो, सोळा कॅमेऱ्यांनी जिन्याची हवा चोवीस तास भरून राहते. कॅट-६ केबल टाका. किरकोळ संशयितही लक्षात असू द्या. साधा मायक्रोवेव्ह ओव्हन ५० हर्ट्झच्या विजेवर १० मिलिसेकंद ओरडतो, १० गप्प बसतो. यूएसबी ३ ची हार्डडिस्क लॅपटॉपला लावली की शेजारच्या खाचेतला वायरलेस माउसचा डोंगल अडखळतो. २३०० ते २४०० मेगाहर्ट्झच्या फोर-जीवर असलेल्या फोनचा हॉटस्पॉट चॅनल १ वर खोडा घालतो.

५ गिगाहर्ट्झबद्दल मुंबईकरांनी एक काळजी घ्यावी. वेरावलीला हवामान खात्याचे सी-बँड डॉपलर रडार जानेवारी २०२२ पासून आहे. (कुलाब्याचे एस-बँडचे, म्हणजे वेगळ्या पट्ट्यातले आहे, त्याला वायफाय लागत नाही.) सी-बँड हवामान रडार साधारण ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि हा भाग वायफायच्या १०० ते १४४ या चॅनलांच्या मधोमध येतो. म्हणून चांगले राउटर तिथे बोलण्याआधी निदान ६० सेकंद ऐकतात, रडारचे स्पंद आढळले तर १० सेकंदांत चॅनल सोडतात आणि ३० मिनिटे तिकडे फिरकत नाहीत. या सोयीला डीएफएस म्हणतात. "चॅनल सारखा बदलतो" म्हणून कोणी देशाचे सेटिंग बदलते किंवा डीएफएस नसलेले फर्मवेअर टाकते. गच्चीवरून दोन इमारती जोडणाऱ्या वायफाय ब्रिजवर असे केले, की रडारच्या पडद्यावर त्या दिशेने केंद्रापासून निघणारी सरळ पट्टी उमटते, आणि पाऊस नसताना पाऊस दिसतो किंवा असलेला झाकला जातो. जुलैत कोणत्या शहराला हे परवडते?

शेवटी मोजणीची परवानगी. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी गच्ची हवी असते आणि समिती सुरक्षेचे कारण सांगून परत पाठवते. आयआयटी मुंबईने टीव्हीच्या मोकळ्या चॅनलांतून इंटरनेट नेण्याचा प्रयोग पालघर जिल्ह्यातल्या गावांत केला, तिथली हवा शांत आहे. गोंगाटाचा अभ्यास करायचा तर तो अंधेरी-घाटकोपरच्या गच्चीवरच करावा लागेल. परवानगी द्या, पण अटी घाला. यंत्र फक्त ऐकणारे असावे. फक्त पॉवरची नोंद, कोणाचे संभाषण किंवा डेटा उलगडायचा नाही. चालू पॅनेल अँटेनासमोर उभे राहायचे नाही. अहवालाची प्रत संस्थेला.

विद्यार्थ्यांसाठीही दोन शब्द, कारण वाईट मोजणी न केलेल्या मोजणीपेक्षा वाईट. स्वस्त एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा रेडिओ रिसीव्हर) आठ बिटांचा असतो. टॉवरखाली तो जोरदार सिग्नलने गुदमरतो आणि नसलेले सिग्नल स्वतःच तयार करतो. म्हणून पुढे ८९० ते ९१५ चा बँडपास फिल्टर, म्हणजे तेवढाच पट्टा आत सोडणारी चाळणी, लावा. मग तोंडाशी सिग्नल १० डेसिबलने कमी करणारा अॅटेन्युएटर घालून पाहा. खरा सिग्नल १० ने उतरतो. ३० ने उतरला तर तो तुमच्या यंत्रातला तिसऱ्या क्रमाचा इंटरमॉड्युलेशन आहे, शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका. रिझोल्यूशन बँडविड्थ (यंत्र एका वेळी किती रुंद पट्टा मोजते), डिटेक्टर, अँटेनाची दिशा, उंची आणि वेळ प्रत्येक नोंदीसोबत लिहा. बँडविड्थ दहापट केली की गोंगाट आपोआप १० डेसिबल वर दिसतो, तो आकडा न लिहिलेला आलेख कोणाच्याच कामाचा नाही. आकार पाहायला शिका. फोन तुटक-तुटक दिसतात. बूस्टरचा गोंगाट म्हणजे पट्टाभर सतत उठलेला सपाट उंचवटा. ऑसिलेट झालेला बूस्टर म्हणजे टोकदार, तापमानाबरोबर सरकणारे सुळे. दिशा शोधायला छोटी यागी, म्हणजे एका दिशेने ऐकणारी काड्यांची अँटेना, हातात धरून तीन वेगवेगळ्या गच्च्यांवरून रेषा काढा. एकाच गच्चीवरून काढलेली दिशा परावर्तनाने फसवते, समोरची काचेची इमारत आरशासारखी वागते. उगम सापडला तरी दार स्वतः ठोठावू नका. नोंदी संस्थेमार्फत मोबाइल कंपनीला आणि दूरसंचार विभागाच्या मुंबई कार्यालयाला द्या. बेकायदा प्रक्षेपण शोधण्याचे अधिकृत काम वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचे आहे आणि तिचे केंद्र बोरिवलीला गोराई रोडवर आहे.

सभेसाठी ठरावाचा मसुदा देतो, आपापल्या सोयीने बदलून घ्यावा:

"संस्थेच्या आवारात परवानाधारक कंपनीने न बसवलेला कोणताही मोबाइल रिपीटर किंवा बूस्टर आढळल्यास तो ठरावाच्या तारखेपासून १५ दिवसांत बंद करून काढण्यात यावा. त्याआधी व नंतर, तळमजला, मधला मजला व सर्वात वरचा मजला येथे आरएसआरपी, एसआयएनआर व अपलोड वेगाच्या नोंदी घेऊन त्या सूचनाफलकावर लावण्यात याव्यात. गच्चीवरील अँटेनांच्या १० मीटर परिसरातील सैल व गंजलेले धातूकाम ३१ ऑक्टोबरपर्यंत बदलण्यात यावे व त्याचा खर्च दुरुस्ती निधीतून करण्यात यावा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ चॅनलांची फ्लॅटनिहाय वाटणी सचिवांनी प्रसिद्ध करावी. नोंदींनुसार सिग्नल खरोखर अपुरा आढळल्यास सर्व कंपन्यांना इमारतीअंतर्गत यंत्रणेसाठी लेखी मागणी करण्यात यावी."

सूचक-अनुमोदक तुमचे तुम्ही ठरवा.

आपले,
मुंबईतील काही रेडिओ व नेटवर्क इंजिनीअर आणि अध्यापक